विद्यार्थी पेटी, दुहेरी सूर, ३९ पट्ट्या: कोकणच्या हवेत किती टिकते?

कोकणात पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, सर्वांत जास्त काम भाद्रपदात पडतं, आणि तोवर आषाढ-श्रावणाची ओल लाकडात पुरती मुरलेली असते. गणपतीत एकाच पेटीवर रात्रीतून चार-पाच घरांची भजनं होतात. पडवीतून खळ्यात, खळ्यातून पाणंदीने पुढच्या वाडीत असा तिचा प्रवास चालतो. दिल्लीच्या किंवा मिरजेच्या कोरड्या हवेत जुळवलेलं लाकूड हे सगळं सोसेल का, हा मुलासाठी पहिली पेटी घेताना विचारायचा पहिला प्रश्न. दुकानातला आवाज गोड आहे की नाही, हा दुसरा. या क्रमाने पाहिलं तर बाजारात 'विद्यार्थी पेटी' म्हणून मिळणारं वाद्य कसं आहे, ते इथे लिहिलं आहे.

वाद्य असं: सव्वातीन सप्तकं, ३९ पट्ट्या, खर्ज (खालच्या सप्तकाचा जाड आवाज) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकाचा) अशा दुहेरी सुरांची, स्केल चेंजर नाही, कपलर (एक पट्टी दाबली की एका सप्तकाच्या अंतरावरची पट्टीही दाबणारी सोय) नाही. सूर म्हणजे हवेने थरथरून आवाज देणारी पितळी जीभ. प्रत्येक पट्टीखाली दोन सूर, म्हणजे एकूण ७८ पितळी सूर. वजन साधारण ९ ते ११ किलो. किंमत सध्या १२ ते १८ हजारांच्या आसपास. लाकूड आणि सूर कुठले, यावर ती वर-खाली होते. कंपनीचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. बरेच दुकानदार कारागिरांकडून पेट्या आणून त्यावर स्वतःची पाटी ठोकतात, त्यामुळे एकाच पाटीच्या दोन पेट्या सारख्या निघतीलच असं नाही. पाटी वाचून काही कळत नाही, पेटी उघडूनच बघावी लागते.

आमचं मत आधीच सांगतो. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलासाठी हीच घ्या. एकेरी सुराची हलकी पेटी स्वस्त पडते, पण भजनाला बसलं की तबल्या-पखवाजाखाली तिचा आवाज बुडतो आणि दोन वर्षांत दुसरी घ्यावी लागते. तिहेरी सुरांची पेटी हवा फार खाते, लहान हाताला तिचा भाता झेपत नाही. दुहेरी पेटीत घरच्या रियाजाला एकच स्टॉपर (हवेची वाट उघडणारी खुंटी) ओढून नर सूर वापरता येतो, चारचौघांत खर्जही उघडता येतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांपर्यंत काय, पुढेही बरीच वर्षं ३९ पट्ट्या कमी पडत नाहीत.

स्केल चेंजरबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी काका हौसेने नेमकी तीच पेटी घेऊन येतो. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची अख्खी चौकट डावी-उजवीकडे सरकते. बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून षड्ज, म्हणजे सा, बदलता येतो. बुवांना रात्रीतून तीन गायकांची साथ करायची असेल तर सोय मोठी आहे. मुलासाठी तिचे तीन तोटे. एक, वजन १४-१५ किलोंच्या पुढे जातं, म्हणजे मूल स्वतः पेटी उचलून मांडू शकत नाही, आणि मोठ्या माणसाने काढून द्यायची वाट बघणारा रियाज आठवड्यात तीन दिवसांवर येतो. दोन, सरकती चौकट म्हणजे आणखी एक सांधा. पावसाळ्यात लाकूड फुगलं की चौकट अर्ध्यात अडते आणि पट्टी दोन सुरांच्या मध्ये बसून दोन्ही अर्धवट वाजवते. तीन, मूल आयुष्यभर काळी एकवरच, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानूनच, वाजवत राहतं. साध्या पेटीवर काळी एक, पांढरी दोन, पांढरी चार, काळी पाच असा प्रत्येक षड्ज वेगळ्या बोटांनी बसवावा लागतो. सुरुवातीला ते किचकट वाटतं, पण त्यामुळेच पुढे कुणी ऐनवेळी वरची पट्टी मागितली तर हात गोंधळत नाही.

आता दुकानात काय बघायचं. सोबत मोबाइलवर ट्यूनर उतरवून ठेवा आणि घाई असेल त्या दिवशी जाऊच नका.

आधी भाता. सगळे स्टॉपर आत ढकला आणि चार-पाच वेळा भाता मारा. आतला भाता भरला की बाहेरच्या भात्यावर हात अडल्यासारखा झाला पाहिजे. दाबल्यावर तो हळूहळू आत जात राहिला तर हवा कुठून तरी निसटते आहे. कान भात्याच्या घड्यांपाशी न्या, फुस्स आवाज बहुतेक कोपऱ्यातून येतो, तिथे कापड आणि पुठ्ठा नीट चिकटलेला नसतो. मग फक्त नर सुराचा स्टॉपर उघडून मधल्या सप्तकातली एक पट्टी धरून ठेवा आणि भाता थांबवा. भरलेल्या भात्यावर एकच सूर पंधरा सेकंदांच्या पुढे टिकला तर पेटी दमदार. सात-आठ सेकंदांत विझला तर ती परत ठेवा, कितीही गोड वाजत असो. मोठ्या माणसाला तो दोष जाणवतही नाही, तो जोरात भाता मारून निभावून नेतो. मुलाचा डावा हात मात्र दहा मिनिटांत भरून येतो आणि त्याला वाटतं की पेटी आपल्याला जमत नाही.

दुसरं, एकही पट्टी न दाबता स्टॉपर उघडा आणि भाता मारा. काही वाजता कामा नये. बारीक शिट्टीसारखा सूर आलाच, तर कुठल्या तरी पट्टीखालची चामड्याची गादी भोकावर नीट बसत नाही. हा दोष दुरुस्त होतो, पण विकत घेण्याआधी दुकानदाराकडूनच करून घ्यावा.

मग सर्व ३९ पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या ओळीने, अगदी सावकाश हवेत. जोरात मारलेल्या हवेत आळशी सूरही बोलतात. हळू हवेत खर्जाचे दोन-चार सूर उशिरा बोलतात किंवा आधी नुसता श्वास सोडतात. दुकानदार म्हणेल, वाजून वाजून मोकळे होतील. काही होतात, काही कधीच होत नाहीत. खर्ज आणि नर दोन्ही उघडून एकच पट्टी धरा. आवाजात लहर उठली, म्हणजे सूर वाँव-वाँव असा डोलायला लागला, तर दोघांत फरक आहे. ट्यूनरवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला आहे का ते बघा. थोडी वर असली तरी चालेल, पण सगळी पेटी सारखीच वर हवी. पट्ट्यांवर फूटपट्टी आडवी धरून उंची तपासा. वर-खाली असलेल्या पट्ट्यांवर मुलाची बोटं अडखळतात आणि दोष मुलाला मिळतो.

सुरांबद्दल दुकानात फार बोललं जातं. गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर नावाजलेले आहेत आणि विद्यार्थी पेटीत ते मिळाले तर उत्तमच. 'जर्मन सूर' असं सांगून जास्त पैसे मागितले तर मात्र कानांवर विश्वास ठेवा. त्या नावाने विकला जाणारा प्रत्येक सूर जर्मनीतून आलेला नसतो. पहिल्या पेटीसाठी त्याचे जादा पैसे मोजू नका, ते लाकडावर घाला. पेटी उलटी करून तळ बघा. तळाला आणि भात्याच्या फळीला पातळ प्लाय असेल तर दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. जुनं, मुरलेलं सागवान असेल तर निम्मी काळजी मिटली. ताज्या व्हार्निशचा दर्प येत असेल तर लाकूड घाईने बनवलेलं असण्याची शंका घ्यावी.

घरी आणल्यावर बैठक. पट्ट्या जमिनीपासून साधारण नऊ-दहा इंच वर येतात आणि भाता पलीकडच्या बाजूला असतो. मांडी घालून बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा डावा खांदा भात्यापर्यंत पोचताना कानाला लागतो. पेटी खाली नेता येत नाही, म्हणून मुलाला वर घ्या: जेवायचा पाट, त्यावर घडी केलेली चादर. कोपर आणि पट्ट्या एका रेषेत आले की झालं. पहिले पंधरा दिवस पलटे (सुरांचे फिरवून वाजवायचे क्रम) नकोत. एकच षड्ज धरायचा आणि भाता इतका सावकाश, सारखा मारायचा की ऐकणाऱ्याला तो कधी मारला हे कळू नये. मुलं हमखास करतात ती चूक म्हणजे प्रत्येक सुराला एक धक्का. त्याने आवाज हिसके खात येतो, आणि फार जोराच्या हवेने सूर किंचित उतरतोही. आतला भाता कायम निम्म्याहून जास्त भरलेला राहील इतपतच बाहेरचा हलवायचा. बोटांत अंगठा पहिल्या दिवसापासून वापरायला लावा. दोन-तीन बोटांवर वाजवायची लागलेली सवय पुढे द्रुत लयीत फार छळते.

दशावतारात बाजूला बसून दोन्ही हात पट्ट्यांवर फिरवणारा पेटीवाला बघून मुलं तशीच पेटी मागतात. ती पायपेटी. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हाही हवा पायानेच भरायची होती. हाताचा भाता आपल्याकडचा, जमिनीवर बसून वाजवणाऱ्यांचा. पायपेटीला खुर्ची लागते आणि मुलाचे पाय पोचत नाहीत, तेव्हा तो हट्ट पाच-सहा वर्षं पुढे ढकलावा.

पेटी एका गोष्टीत कमी पडते, ते लपवण्यात अर्थ नाही. तिचे सूर ठरलेले. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुतींचा (सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा) बारकावा नाही. याच आक्षेपावरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांनी त्याच ठरलेल्या पट्ट्यांतून गळ्याच्या जवळ जाणारं वादन करून दाखवलं, पण ती फार पुढची गोष्ट. घरात करायचं ते इतकंच, की मुलाने वाजवलेली प्रत्येक ओळ तंबोऱ्यावर गाऊनही बघावी. तंबोरा मोबाइलमधला असला तरी चालेल. नुसत्या पट्ट्यांवर वाढलेला कान पेटी बंद केली की गप्प होतो.

आता पावसाळा, कारण खरी परीक्षा तिथे आहे. या पेटीला दहापैकी आम्ही आवाजाला आठ देऊ, पावसाळ्याला सहा, आणि ते सहाही पुढचं पथ्य पाळलं तर.

जून लागला की पेटी चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवायची. सुती कापडाचं आच्छादन. प्लास्टिकची पिशवी नको, आतली ओल आतच राहते. पेटीच्या खोक्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. कपाटात ठेवत असाल तर खालच्या खणात १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, कापडापासून हातभर लांब. एलईडीचा उपयोग नाही, त्याची ऊब काहीच नसते. आणि सर्वांत सोपं औषध: पावसाळ्यात रोज वाजवणे. रोज भात्यातून हवा फिरलेली पेटी आणि आषाढभर बंद राहिलेली पेटी यांत दसऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. बंद पेटीत झुरळंही होतात आणि घड्यांमधली खळ खातात. खोक्याच्या कोपऱ्यात कापडात बांधून डांबरगोळ्या ठेवाव्यात, पेटीच्या आत टाकू नयेत.

तरीही पेटी फुगणार. फुगणं म्हणजे पट्टी शेजारणीला घासते, दाबली की वर येत नाही आणि सूर चालूच राहतो. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, खोबरेल. कुरकुरणाऱ्या दाराला घालतात तसं पट्ट्यांच्या फटीत दोन थेंब सोडले जातात. आठवडाभर बरं वाटतं, मग तेलात धूळ बसून चिकटा होतो आणि चामड्याच्या गाद्यांपर्यंत तेल पोचलं तर सगळ्याच बदलाव्या लागतात. दुसरी चूक, श्रावणातच पट्टी काढून पॉलिश पेपरने घासणे. तेव्हा बरोबर बसलेली पट्टी मार्गशीर्षात सुकून लुळी पडते, डावी-उजवीकडे हलते आणि खडखडते. पावसात फक्त पेन्सिलीचं शिसं पट्टीच्या कडेला चोळावं आणि दोन दिवस बल्बच्या उबेत ठेवून बघावं. घासायचंच असेल तर दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावरही जी पट्टी घासते तिलाच, २२० नंबरच्या पेपरने, दोन-तीन हात, त्याहून जास्त नाही. उन्हात तर पेटी ठेवूच नका. चिरा पडतात आणि भात्याची खळ सुटते.

एखादा सूर मुका झाला तर दहातल्या आठ वेळा कारण असतं धुळीचा कण. वरची जाळीची फळी काढा, स्क्रू सोडून पट्ट्यांची चौकट उचला. सूर तिच्या खालच्या अंगाला ओळीने बसवलेले दिसतात. मुक्या सुराच्या पितळी जिभेखालून पातळ कागदाची कड हळूच सरकवून बाहेर काढा. जिभेला बोट लावू नका, घामाने पितळ हिरवं पडतं. जीभ वाकवू तर मुळीच नका. खरखर येत असेल तर सुराचा स्क्रू ढिला झाला आहे किंवा जीभ साच्याच्या कडेला घासते आहे. स्क्रू घरी घट्ट करता येतो, जीभ मधोमध आणणं कारागिराचं काम. किनाऱ्यालगत, वेंगुर्ले-मालवण-देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात पट्ट्यांच्या पोलादी स्प्रिंगा गंजतात आणि एक दिवस तुटतात. पेटी घेतानाच दुकानातून त्याच मापाच्या पाच-सहा स्प्रिंगा मागून ठेवा, किंमत किरकोळ असते.

सुरात लावून घेणं दरवर्षीचं काम नाही. कारागीर जिभेचं टोक खरवडून सूर चढवतो आणि मुळाशी खरवडून उतरवतो, म्हणजे प्रत्येक वेळी धातू कमी होतो. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे, आणि तेही वैशाखात. श्रावणात सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्या कारागिराच्या दारात रांगेला असतात. मुलाच्या पेटीवर मग रात्री अकराला हात फिरतो.

गणपतीतल्या भजनाला मुलाची पेटी न्यायची असेल तर पावसातल्या वाटेपुरतंच प्लास्टिक घाला आणि पोचल्यावर लगेच काढा. भात्याची कडी लावलेली हवी. पेटी भात्याला धरून कुणी उचलत नाही ना, इकडे लक्ष ठेवा, वाडीतली उत्साही पोरं नेमकं तेच करतात. बसताना भात्याची बाजू समईकडे, धुपाटण्याकडे नको. भात्याच्या भोकांतून पेटी धूर, कापराची काजळी आणि उधळलेला बुक्का आत ओढते आणि तो थेट सुरांवर बसतो. घरी आल्यावर लगेच खोक्यात बंद करू नका, अर्धा तास पंख्याखाली उघडी राहू द्या.

कीबोर्डचं काय, असं विचारणारे असतात. आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणतात, तो. तो फुगत नाही, सुरातून उतरत नाही, वजनाला हलका. पण भाता नाही, म्हणजे डाव्या हाताला श्वास सांभाळायचं शिक्षण नाही, आणि पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. पेटी येईपर्यंत बोटं फिरवायला घ्यायचा असेल तर घ्या, पण पट्ट्या पूर्ण मापाच्या असोत. छोट्या पट्ट्यांवर बसलेला हात पेटीवर अंतर चुकतो.

जुनी पेटी मिळत असेल तर तीही बघावी. एखाद्या भजनी मंडळाने बदललेली, वीस पावसाळे काढलेली सागवानी पेटी नव्या प्लायच्या पेटीपेक्षा कधीही बरी. तिचं लाकूड फुगायचं तेवढं फुगून बसलेलं असतं. भाता नवीन घालावा लागेल, गाद्या बदलाव्या लागतील, तो खर्च आधी कारागिराकडून विचारून घ्या आणि किमतीतून वजा करा. तळाला वाळवीची बारीक भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसला, किंवा जिभा खरवडून कागदासारख्या पातळ झालेल्या असल्या, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

खरेदीचा महिना फेब्रुवारी किंवा मार्च ठेवा. कोरड्या दिवसांत पट्ट्यांमधली फट किती आहे ते खरं दिसतं: पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी हवी. त्याहून घट्ट असेल तर तीच पेटी ऑगस्टमध्ये अडणार, हे दुकानातच कळतं.